काँगोंतील रस्त्यावरचीं लेकरें

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजचा प्रसंग आनंदाचा आहे. आपल्या देवळाचा महोत्सव साजरा होत असतां, मागील पिढ्यांनीं किती कष्ट केले व काय मिळविलें याचा हिशोब आपण कौतुकानें मांडीत आहों. या हिशोबांत मला सर्वांत मोलाची वाटते ती बाप्तिस्म्याची वही. तींत श्रीमंत व गरीब असा भेद नाहीं. प्रत्येक लेकराला एक ओळ. त्या ओळींत त्याचें नांव, आईबापांचीं नांवें, आणि त्याची हमी घेणाऱ्या धर्मपित्याचें व धर्ममातेचें नांव. मूल जगांत आलें आणि कोणीतरी त्याची जबाबदारी घेतली, याचा तो लेखी पुरावा होय. अशा दिवशीं, ज्यांची जबाबदारी घेणारें कोणी उरलें नाहीं अशा कांहीं लेकरांविषयीं चार शब्द बोलण्याची परवानगी मी आपणांपाशीं मागतों.

हीं लेकरें आफ्रिका खंडांतील काँगो देशाच्या शहरांत रस्त्यावर राहतात. राजधानी किन्शासा येथें लोक त्यांना 'शेगे' म्हणतात. पूर्वेकडील गोमा शहरांत 'माइबोबो' म्हणतात. दोन्ही शब्द हेटाळणीचे आहेत, आणि आईनें ठेविलेल्या नांवाऐवजीं तेच त्यांना चिकटलेले आहेत. इतक्या दूरच्या देशाची कथा आम्हांस कशाला, असें कोणी विचारील. त्यास माझें उत्तर असें कीं, एक तर आफ्रिकेंत सर्वांत अधिक कॅथलिक याच देशांत आहेत, तेव्हां तीं लेकरें आपल्या घरचींच आहेत. आणि दुसरें, त्या देशांतून निघालेली एक वस्तु बहुधा या क्षणीं आपणांपैकीं पुष्कळांच्या खिशांत आहे.

काँगोचें क्षेत्रफळ सुमारें २३ लाख चौरस किलोमीटर आहे. आपल्या महाराष्ट्रासारखीं सात राज्यें त्यांत सहज मावतील. लोकसंख्या दहा कोटींहून अधिक आहे. दाट अरण्य, बारमाही वाहणारी प्रचंड नदी, आणि भूमीच्या पोटांत काय नाहीं असें नाहीं. दक्षिणेकडील कटांगांत तांबें व कोबाल्ट, कासाईंत हिरे, इतुरींत सोनें, किवू प्रांतांत कथील व कोल्टन. जगांत निघणाऱ्या कोबाल्टपैकीं सुमारें ७० टक्के एकट्या या देशांतून निघतें. अशा देशांत कोणाचेंहि मूल उपाशी निजूं नये असें आपणांस वाटेल. परंतु घडलें तें अगदीं उलट. मला आज सांगावयाचें आहे तें हेंच कीं, काँगोंतील रस्त्यावरचें लेकरूं हें त्या देशाच्या गरिबीचें जितकें बळी आहे, त्याहून अधिक त्याच्या संपत्तीचें बळी आहे. आणि त्या संपत्तीसाठीं मोठ्यांनीं केलेल्या पापांचा दोष अखेरीस त्याच लेकराच्या माथीं मारला जातो.

ही कथा नवी नाहीं. १८८५ सालीं बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड यानें हा सर्व देश आपल्या खाजगी मालकीचा करून घेतला. त्या काळीं मोल होतें हस्तिदंताला आणि रबराला. गांवोगांव रबराचा भरणा ठरवून दिलेला असे. तो पुरा न झाल्यास बायकांना ओलीस धरून ठेवीत, आणि माणसांचे हात तोडल्याचीं छायाचित्रें पाहून त्या वेळचें जग हादरलें. अखेर १९०८ सालीं राजाच्या हातून हा देश बेल्जमच्या सरकारकडे गेला. त्याच काळांत इसिदोर बकांजा नांवाचा एक काँगोली तरुण होऊन गेला. गवंड्याच्या हाताखालीं काम करीत असतां १९०६ सालीं त्यानें बाप्तिस्मा घेतला. पुढें तो रबर व हस्तिदंताचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या मळ्यावर घरगडी म्हणून राहिला. गळ्यांतील कार्मेल मातेचें स्कॅप्युलर काढून टाकण्याचा हुकूम त्यानें मानला नाहीं, म्हणून मळ्यावरच्या गोऱ्या अधिकाऱ्यानें त्याला हत्तीच्या कातड्याच्या चाबकानें फोडून काढविलें. जखमा चिघळून १५ ऑगस्ट १९०९ रोजीं तो मरण पावला. मरतांना त्यानें आपल्या मारेकऱ्याला क्षमा केली. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९४ सालीं त्यास धन्यवादित म्हणून घोषित केलें. आज लुबुम्बाशी शहरांत सालेशियन धर्मगुरु रस्त्यावरच्या मुलांसाठीं जें घर चालवितात, त्याला या बकांजाचेंच नांव दिलेलें आहे. रबरासाठीं फोडलेला देह आणि आजचीं लेकरें यांचा संबंध त्या घराच्या पाटीवरच लिहिलेला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

३० जून १९६० रोजीं काँगो स्वतंत्र झाला. सात महिने झाले नाहींत तोंच, जानेवारी १९६१ मध्यें, त्याचे पहिले पंतप्रधान पात्रीस लुमुम्बा यांचा खून झाला. १९६५ पासून १९९७ पर्यंत मोबुटू यांनीं राज्य केलें. त्या काळांत खाणींचें उत्पन्न खजिन्यांत न जातां थोड्यांच्या घरांत गेलें. शिक्षकांचे पगार थकले, आणि शाळा चालविण्याचा भार आईबापांवर पडला. ज्याला फी देतां येईना त्याचें मूल शाळेबाहेर राहिलें. १९९४ सालीं शेजारच्या रवांडांत भयंकर वंशसंहार झाला व लाखों निर्वासित सीमा ओलांडून गोमा शहराभोंवतीं येऊन पडले. त्यानंतर १९९६ सालीं एक व १९९८ सालीं दुसरें युद्ध पेटलें. दुसऱ्या युद्धांत अनेक शेजारी देशांच्या फौजा काँगोच्या भूमीवर लढल्या. तें २००३ सालीं संपलें असें कागदावर म्हणतात. इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थेनें अंदाज केला कीं, १९९८ पासून २००७ पर्यंत या युद्धामुळें व त्याच्या परिणामांमुळें ५४ लाख माणसें दगावलीं. हा आंकडा फार मोठा आहे असें कांहीं अभ्यासक म्हणतात. परंतु मेलेल्यांची गणना लाखांनींच करावी लागते, याविषयीं वाद नाहीं. यांतील बहुतेक माणसें गोळीनें मेलीं नाहींत. तीं हिंवतापानें, हगवणीनें व उपासमारीनें मेलीं, आणि त्यांत लहान मुलें फार होतीं.

आतां हें युद्ध खाणीवर कसें पोसलें जातें तें पाहूं. किवूच्या डोंगरांत कोल्टन नांवाचें काळसर खनिज सांपडतें. त्यापासून टँटलम धातु काढतात, आणि मोबाइल फोन व संगणक यांच्या पोटांत विजेचा साठा करणारे जे इवलेसे भाग असतात, ते बनविण्यास तो लागतो. २००० सालाच्या अखेरीस या खनिजाचा भाव एकाएकीं कित्येक पटींनीं चढला, आणि शेतकरी नांगर टाकून डोंगर खणावयास धांवले. तेथें मोठीं यंत्रें नसतात. फावड्यानें व पहारेनें खणावयाचें, ओढ्याच्या पाण्यांत माती धुवावयाची आणि पोतें पाठीवर घेऊन डोंगर उतरावयाचा. वाटेंत बंदूकधारी बसलेले असतात. ते प्रत्येक पोत्यामागें जकात घेतात. ज्याच्या हातीं डोंगर त्याच्या हातीं जकात. जकातीच्या पैशांतून बंदुका. आणि बंदुकांच्या जोरावर पुढला डोंगर. हें चक्र असें फिरत राहतें. २०२४ सालीं एम-२३ नांवाच्या बंडखोर सैन्यानें रुबाया येथील कोल्टनच्या खाणी ताब्यांत घेतल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनीं तेथील जकातीचें उत्पन्न महिन्याला सुमारें ८ लाख डॉलर असल्याचें सांगितलें. या सैन्याच्या पाठीशीं रवांडा आहे, असेंहि त्यांनीं नमूद केलें आहे. जानेवारी २०२५ मध्यें गोमा पडलें, फेब्रुवारींत बुकावु पडलें. २७ जून २०२५ रोजीं काँगो व रवांडा यांनीं वॉशिंग्टन येथें करारावर सह्या केल्या. परंतु त्यानंतरहि बंदुका थांबल्या नाहींत.

दक्षिणेंत कोल्वेझीच्या बाजूस असें उघड युद्ध नाहीं, तरी लेकरांचे हाल तेथेंहि चुकलेले नाहींत. युनिसेफनें २०१४ सालीं केलेल्या अंदाजाप्रमाणें दक्षिण काँगोंतील खाणींवर सुमारें ४०,००० मुलें काम करीत होतीं. त्यांतील पुष्कळ कोबाल्टच्या खाणींवर. मोठ्या कंपन्यांनीं टाकलेल्या ढिगाऱ्यांतून दगड वेंचणें, ते धुणें, निवडणें आणि पोतीं वाहणें, हें त्यांचें काम. त्या कोबाल्टापासून बॅटऱ्या होतात, आणि त्या बॅटऱ्यांवर आपले फोन व आतां मोटारीहि चालतात.

खाणीपासून रस्त्यापर्यंत लेकरूं येतें तें तीन वाटांनीं. पहिली वाट पळापळीची. रात्रीं गांवावर हल्ला होतो; जो तो वाट फुटेल तिकडे पळतो; आई एकीकडे, मूल दुसरीकडे. दुसऱ्या दिवशीं तें मूल अनोळखी माणसांच्या तांड्याबरोबर शहरांत येऊन पोंचतें. दुसरी वाट मोडलेल्या संसाराची. बाप खाणीवर जातो तो परत येत नाहीं, किंवा येतो तो दुसरा संसार मांडूनच. आई आजारानें जाते. मूल मामाकडे, काकाकडे, आजीकडे फिरतें. आफ्रिकेंतील कुटुंब मोठें व मायाळू असतें. पोरकें मूल संभाळणें हा तेथील जुना धर्म आहे. परंतु ज्या घरांत आपल्याच पांच मुलांना दिवसांतून एक वेळ जेवण मिळतें, त्या घरांत सहावें ताट कोठून मांडावें? किन्शासा युद्धभूमीपासून शेंकडों कोस दूर आहे. पण देश लुटला गेल्यामुळें जी ओढाताण झाली ती तेथेंहि घराघरांत शिरली आहे.

तिसरी वाट सर्वांत दुःखाची. घरांत आजार आला, नोकरी गेली, तान्हें मूल दगावलें, कीं कोणाला तरी दोष द्यावा असें माणसाला वाटूं लागतें. राजाला, सेनापतीला, परदेशच्या व्यापाऱ्याला दोष देण्याची घरांतल्या माणसाची ताकद नसते. मग सावत्र आईचें किंवा काकाचें बोट वळतें तें घरांतल्या पोरक्या मुलाकडे. हें मूल 'न्दोकी' आहे, म्हणजे चेटकें आहे, असें ठरतें. कारणें काय, तर तें झोपेंत बडबडतें, अंथरूण ओलें करतें, त्याला फेंफरें येतें, किंवा तें फार हट्टी आहे. कांहीं स्वयंघोषित उपदेशक पैसे घेऊन अशा मुलांतून भूत काढण्याचा धंदा करतात. त्यासाठीं मुलांना दिवसेंदिवस उपाशी ठेवतात व मारतात. ज्या मुलाला बळेंच कबूल करावयास लावलें, त्याला अखेर घराबाहेर काढतात. काँगोच्या २००६ च्या राज्यघटनेनें मुलांवर चेटकाचा आरोप करण्यास बंदी केली आहे, आणि १० जानेवारी २००९ च्या बालसंरक्षण कायद्यानें तो दंडनीय गुन्हा ठरविला आहे. तरी आरोप थांबलेले नाहींत. हें ऐकून आपण त्या लोकांस हंसूं नये. आपल्या सातपुड्यांतहि डाकीण ठरवून बायकांना छळल्याच्या कथा आहेत, आणि अशा अघोरी प्रकारांविरुद्ध २०१३ सालीं महाराष्ट्राला कायदा करावा लागला आहे.

रस्त्यावर आल्यावर या लेकरांचा दिवस कसा जातो? बाजारांत ओझीं वाहणें, मोटारी धुणें, पाण्याच्या पिशव्या विकणें, भीक मागणें. आणि रात्रीं बंद दुकानांच्या पायऱ्यांवर अथवा बाजारांतील फळ्यांखालीं निजणें. मोठीं मुलें लहानांची कमाई हिसकावतात. मुलींची स्थिति याहून बिकट. रात्र पडतांच त्यांच्या अब्रूवर घाला पडण्याचें भय असतें. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें नमूद आहे कीं, ज्यांनीं रक्षण करावें ते पोलीस शिपाईहि यांच्यापाशीं पैसे उकळीत, आणि मिरवणुकी व दंगे माजविण्यासाठीं पुढारी यांना हाताशीं धरीत. म्बुजी-मायी हें कासाईंतील हिऱ्यांचें शहर. तेथें सप्टेंबर २००४ मध्यें, हीं पोरें चोऱ्या करतात व उपद्रव देतात या रागानें एक जमाव त्यांच्यावर तुटून पडला व वीसाहून अधिक मुलें आणि तरुण ठार झाले. त्या जमावांत हिरे खणणारे मजूर पुष्कळ होते. ते मजूरहि गरीबच. त्यांनीं खणलेल्या हिऱ्यांचा नफा सातासमुद्रापलीकडे गेला, आणि त्यांचा संताप मात्र त्यांच्याहून खालच्या पायरीवर बसलेल्या लेकरांवर कोसळला.

इतक्या अंधारांत दिवा लावणारीं माणसेंहि त्याच भूमींत आहेत. सालेशियन धर्मगुरु १९११ सालीं काँगोंत आले. रस्त्यावरच्या मुलांमध्यें त्यांचें काम हळूहळू चालतें. रात्रीं बाजारांत जाऊन प्रथम केवळ ओळख करून घ्यावयाची. मुलाला त्याचें खरें नांव विचारावयाचें. मग स्नानाला पाणी, एक वेळचें जेवण, निजावयास सुरक्षित जागा. विश्वास बसला कीं गांव व घर यांचा शोध. घर सांपडलें तरी काम संपत नाहीं. काकाची समजूत घालावी लागते, सावत्र आईची भीति काढावी लागते, आणि कधीं कधीं महिनोनमहिने हेलपाटे घालावे लागतात. ज्याला घर उरलेंच नाहीं त्याला शाळा, आणि वय झाल्यावर सुतारकाम, गवंडीकाम, शिवणकाम असा हातचा धंदा. गोमा शहरांत न्गांगी येथें डॉन बॉस्कोचें मोठें केंद्र आहे. १७ जानेवारी २००२ रोजीं न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा शहरांतून वाहिला, आणि त्यानंतर लढाईच्या कित्येक लाटा तेथें येऊन आदळल्या. दर वेळीं लोक आश्रयासाठीं त्याच आवाराकडे धांवले, आणि अलीकडच्या लढाईंतहि हजारों निर्वासित तेथें राहिले.

परंतु आज मला आपणांपुढें ठेवावयाचें आहे तें एका सामान्य नोकरदाराचें उदाहरण. फ्लोरिबेर ब्वाना चुइ हा १९८१ सालीं जन्मलेला गोमाचा तरुण. शिकत असतांनाच तो सांत एजिदिओ या मंडळींत सामील झाला आणि माइबोबो मुलांचा मित्र बनला. त्यांना शिकवावें, शाळेंत घालावें, त्यांच्या फीची सोय करावी, असें त्याचें चाले. पुढें सीमेवरून येणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्यांत त्याला नोकरी लागली. २००७ सालीं सीमेपलीकडून सडलेला तांदूळ आला. तो जाऊं द्यावा म्हणून त्याला पैसे देऊं केले, धमक्या आल्या, वजनदार माणसांचा आग्रह झाला. त्यानें माल नष्ट करविला. पैसा तर लवकरच संपेल, परंतु हें धान्य जे खातील त्यांचें काय होईल, असें तो आपल्या ओळखीच्या एका धर्मभगिनीपाशीं बोलला होता. ७ जुलै २००७ रोजीं त्याला पळवून नेलें, आणि दोन दिवसांनीं त्याचें प्रेत सांपडलें. तो २६ वर्षांचा होता. पोप फ्रान्सिस २०२३ च्या फेब्रुवारींत किन्शासाला गेले तेव्हां हजारों तरुणांपुढें त्यांनीं त्याचें नांव घेतलें, आणि १५ जून २०२५ रोजीं रोममध्यें संत पौलाच्या महामंदिरांत त्याला धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें.

बंधूंनो, या तरुणाच्या आयुष्यांतील दोन गोष्टी वेगळ्या करतां येत नाहींत. स्वस्त व सडका तांदूळ कोणाच्या पोटांत जाणार होता? गरिबांच्या आणि रस्त्यावरच्या मुलांच्या. संध्याकाळीं ज्या मुलांना तो शिकवीत असे, त्यांच्याच तोंडचा घांस दुपारीं त्याच्या कचेरींतील मेजावर शिक्क्यासाठीं येऊन पडला होता. त्यानें शिक्का मारला असता, चार पैसे घेतले असते, आणि त्यांतूनच मुलांना वह्या वांटल्या असत्या, तर लोकांनीं त्याला दानशूर म्हटलें असतें. आपल्यांतहि कोणी बंदरांत, कोणी पालिकेंत, कोणी व्यापारांत आहेत. एका हातानें अन्याय चालूं द्यावा आणि दुसऱ्या हातानें त्याच्या बळींना भिक्षा घालावी, ही सोय फार जुनी आहे. काँगोंतील लेकरें रस्त्यावर आलीं तीं अशाच हजारों सह्या-शिक्क्यांनीं. कोणी पोत्यावरचा खोटा दाखला खरा मानला, कोणी माल कोठून आला हें विचारलें नाहीं.

आणि न विचारणाऱ्यांत आपणहि आहों. त्याच भेटींत पोप फ्रान्सिस यांनीं परकीयांना बजावलें कीं आफ्रिका म्हणजे लुटावयाची खाण नव्हे. आपला फोन आपण फेंकून द्यावा असें मी म्हणत नाहीं. तसें करून एकाहि मुलाला घर मिळणार नाहीं. परंतु केवळ हौसेखातर दर वर्षीं नवा घेणें आपण टाळूं शकतों. जुना झालेला कपाटांत न टाकतां, त्यांतील धातु पुन्हां काढून घेणाऱ्यांकडे देऊं शकतों. विकणाऱ्याला, हा माल कोणाच्या श्रमांतून आला, असा प्रश्न विचारूं शकतों. एकट्याच्या प्रश्नाला कोणी भीक घालणार नाहीं. परंतु रबराच्या अत्याचारांना आळा बसला तोहि दूरदूरच्या देशांतील सामान्य माणसें विचारीत राहिलीं म्हणूनच.

आपल्याहि रेल्वेच्या फलाटावर घर सोडून आलेलीं लेकरें दिसतात. त्यांच्यासाठीं १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आतां देशभर चालतो. तो घरांतल्या लहानथोरांना पाठ असावा. असें लेकरूं भेटल्यास दोन रुपये द्यावे कीं न द्यावे हा वाद क्षणभर बाजूस ठेवून, त्याला आधीं त्याचें नांव विचारावें. काँगोंतील धर्मगुरूंचें काम तेथूनच सुरू होतें.

आपल्या वहींतील प्रत्येक ओळीसमोर हमी घेणाराचें नांव आहे. ज्यांची ओळ कोणत्याच वहींत नाहीं, अशा लेकरांची हमी घेण्याचें बळ परमेश्वर आपणांस देवो; धन्यवादित इसिदोर व धन्यवादित फ्लोरिबेर त्यांच्या देशासाठीं आणि आपल्यासाठीं विनंती करोत; आणि त्या पीडित भूमीला लवकर शांति लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.